सतरा नंबरचा विकेटकीपर

मक्याच्या पोह्यांशी, म्हणजे खोक्यावर ज्याला कॉर्नफ्लेक्स म्हणतात त्याच्याशी, माझं काही वैर नव्हतं. एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यापर्यंत आमची ओळखच नव्हती. पुढच्या चार महिन्यांत मी ते दुधात, ताकात, वरणात, फोडणी देऊन, तळून आणि एकदा तर दळून भाकरीत घालून खाल्ले. आता कुणी नुसता खोका हलवला तरी माझ्या घशाला कोरड पडते.

याची सुरुवात झाली ती हिंगोली जिल्हा झाल्यामुळे. गैरसमज नको, जिल्हा व्हावा असं मलाही वाटत होतं. जाहीर झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटणारा मीच. (माझं खातं कोणतं ते सांगत नाही. खात्याची अब्रू जाऊ नये म्हणून नव्हे, माझीच जाऊ नये म्हणून.) पण आमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार उत्तमसिंग याने असा हिशेब मांडला की जिल्हा झाला म्हणजे मोठमोठे साहेब येणार, आणि मोठे साहेब सकाळी पोहे खात नाहीत. त्याने सोनकिरण नावाच्या कंपनीचे कॉर्नफ्लेक्स पेट्यांनी मागवून ठेवले. साहेब आले. त्यांनी पोहेच मागितले. मग उत्तमसिंगाची नजर माझ्यावर पडली.

"एकलारे साहेब, एक खोका न्या की. तुमी शिकलेले मानसं. आतमदी किरकेटवाल्याचं कारड बी हाय."

शिकलेला म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही. खोका घरी आणला. कार्ड काढून टेबलावर टाकलं आणि पोहे दुधात टाकले. त्यांचा लगेच लगदा झाला. माझी आई, पंचफुलाबाई, तिच्या तोंडात दोनच दात शिल्लक. तिनं तो लगदा आवडीनं खाल्ला आणि "पेज बरी झालीय" असं म्हणून सुनेचं कौतुक केलं. सून मात्र हातात कार्ड घेऊन उभी होती.

"सरासरी चुकली की हो ह्याची," सत्यशीला म्हणाली.

"कुणाची?"

"ह्या डावखुऱ्याची. बेचाळीस छापलीय. हिवाळ्यात दोनदा भोपळ्यावर गेला हा, तवाच चाळीसवर आली होती."

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बायकोला मेथी आवडत नाही, तिला विंचवाची भीती वाटते, एवढी माहिती मी परिश्रमपूर्वक मिळवली होती. पण कुरुंद्याला माहेरी, अंगणात हळदीची कढई उकळत असताना ही बाई शेजारी रेडिओ लावून बसायची आणि लग्न होईपर्यंत हिनं एकही सामना आणि त्यानंतर पेपरातला एकही धावफलक सोडला नव्हता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस."

"तुमी कदी इचारलं न्हाई."

हे वाक्य तिनं अगदी साधेपणानं उच्चारलं. टोमणा मारला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. साधेपणाला काय उत्तर देणार?

खोक्याच्या पाठीमागे छापलं होतं: अशी चोवीस कार्डं आहेत. सगळी जमवून अल्बममध्ये चिकटवून पाठवणाऱ्यास नागपूरला होणाऱ्या प्रदर्शनीय सामन्याचे दोन पास मिळतील. कार्डांवरचे खेळाडू साक्षात खेळणार होते. मी ते मोठ्यानं वाचलं. सत्यशीला म्हणाली, "जाऊ द्या. कशाला तकलीफ." आणि ते कार्ड तिनं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. ती नुसती 'जाऊ द्या' म्हणाली असती तर मी नक्कीच जाऊ दिलं असतं. कार्ड खोचल्यामुळे मी संपलो.

स्वतःविषयी एक सांगितलं पाहिजे. मला क्रिकेट कळत नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन काठ्या असतात आणि एकाच वेळी दोघं धावतात, याच्यापुढे माझी मजल नाही. तरी मी उत्तमसिंगाकडे जाऊन आणखी चार खोके घेतले. चारांत तीनदा तीन नंबरचं कार्ड निघालं. हा तीन नंबर खेळाडूही नव्हता, तो होता अंपायर. पांढरा कोट घालून माझ्याकडे असा बघायचा, की जणू माझं पेन्शनचं प्रकरण त्याच्याच टेबलावर आहे. जूनअखेर माझ्याकडे तेवीस वेगवेगळी कार्डं झाली आणि अंपायर अकरा. सतरा नंबरचा विकेटकीपर काही येईना.

खोका न फोडता आतलं कार्ड ओळखायचं कसं, यावर आमच्या गल्लीत बरंच मार्गदर्शन झालं. शेजारी फकीरभाई गाद्या भरतात. ते खोका कानाशी धरून हलवायचे. "कीपर उड्या मारतो ना भाऊ, त्याचा आवाज अलग येणार." त्यांनी कान लावून निवडलेल्या दोन्ही खोक्यांत अंपायर निघाले. त्यांची बायको मदीनाबी हिनं मक्याच्या पोह्यांचा शीरखुर्मा करून बघितला आणि नंतर दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. उरलेले पोहे तिच्या शेळीपुढे ठेवले. या शेळीनं मागच्या वर्षी फकीरभाईंची अर्धी गादी खाल्ली होती. तिनं पोह्यांचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ऑफिसात साहेब माझ्याकडे असं बघतात, त्याची मला सवय आहे. पण शेळीनं?

इकडे गावात माझी कीर्ती पसरली. एकलारे कारड जमवून राहिलेत म्हणजे त्यांना क्रिकेटातलं सगळं कळतं, असा निष्कर्ष लोकांनी काढला. पानाच्या टपरीवर लोक मला थांबवून विचारायचे, "साहेब, ह्या टायमाला काहून हरलो आपण?" मी गंभीरपणे म्हणायचो, "मधली फळी." हे सत्यशीलेनं शिकवून ठेवलं होतं आणि ते दरवेळी लागू पडायचं.

शेवटी व्हायचं तेच झालं. पावसानं आठ दिवस उघडीप दिली, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या आनंदाप्रीत्यर्थ दोन कचेऱ्यांचा सामना ठरला आणि अंपायर म्हणून माझं नाव एकमतानं पास झालं. मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो.

"घाबरू नका," सत्यशीला म्हणाली. "मी समोर बसते. मी पदर डोक्यावर घेतला की आऊट द्या. न्हाई घेतला तर मान हालवा."

व्यवस्था उत्तम होती. बायकांच्या खुर्च्या लिंबाच्या सावलीत, नेमक्या कीपरच्या पाठीमागे मांडलेल्या. मी पहिले दोन निकाल इतके अचूक दिले की माझा मलाच आदर वाटू लागला. मग फलंदाजीला आले आमचे हेडक्लार्क, धर्मसिंग राठोड. ऑफिसातल्या रजा, बदल्या आणि ड्युट्या ज्यांच्या हातून जातात तेच हे. राठोडांनी चौदा धावा काढल्या होत्या आणि ते अगदी खुशीत होते. एक बॉल त्यांच्या पॅडवर आदळला. सगळे माझ्याकडे वळून ओरडले. मी समोर पाहिलं. सत्यशीलेनं पदर डोक्यावर घेतला. मी बोट वर केलं.

"बॅटला लागलाय एकलारे! आवाज आला न्हाई का?" राठोड ओरडले.

मी आभाळाकडे बघत राहिलो. पंधराव्या धावेची स्वप्नं बघत राठोड मांडवाकडे चालत गेले आणि जाता जाता तीनदा मागे वळले.

घरी आल्यावर सत्यशीलेनं विचारलं, "त्यांना काहून आऊट दिलं? चांगला बॅटला लागला होता की."

"तू पदर घेतलास!"

"ते त्यांचे वडील, थावराबाबा, येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले ना. वडीलधाऱ्या माणसासमोर बोडख्या डोक्यानं बसू का?"

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. आईनं माझ्यासाठी पेज करून ठेवली होती.

पण याच सामन्यातून सतरा नंबरचा पत्ता लागला. आमच्या ऑफिसातला एक शिपाई गोरेगावचा. तो म्हणाला, "तुमाला पायजे तो कीपर वसरामच्या जीपमदी हाय. गोरेगाव-सेनगाव गाडी."

रविवारी आम्ही दोघं गोरेगावला गेलो. वसरामची जीप स्टँडवर उभी होती. काचेच्या आत देवीचा फोटो, शेजारी सतरा नंबरचा विकेटकीपर, दोघांना मिळून एकच झेंडूचा हार. मी हात जोडून आमची मागणी सांगितली. वसरामनं कानाला हात लावला.

"न्हाई देणार. हे बसवल्यापासून गाडीतून एक बी प्यासिंजर पडला न्हाई. पयले पडत व्हते. हे मागं हुभं राहून झेलून राहिलंय सगळ्यांला."

मी त्याला जिल्ह्याचा अभिमान, सहकार्य, माणुसकी अशा विषयांवर दहा मिनिटं समजावलं. वसराम शांतपणे टायरला लाथा मारून हवा तपासत राहिला. मग सत्यशीला पुढे झाली.

"दादा, गाडीत किती मानसं बसवता?"

"अठरा-वीस."

"ह्या कीपरनं औंदा किती झेल सोडले, ठावं हाय?"

वसरामचा पाय टायरवरच थांबला. "सोडले?"

"सहा. त्यातले दोन तर हातात येऊन."

वसरामनं कार्डाकडे असं पाहिलं, की जणू घरातल्या माणसानंच दगा दिला. सत्यशीलेनं पर्समधून एक अंपायर काढला. "ह्याला घ्या. हा झेलाझेलीत पडतच न्हाई. हा म्हनला न्हाई जायचं, की कुणी जात न्हाई. मोठमोठे ह्याच्यापुढं मान खाली घालून निघून जातात."

"पोलीस बी?"

"समदे."

वसरामनं दोन अंपायर घेतले, एक पुढं लावायला, एक मागच्या दाराला. परतीच्या वाटेवर आम्ही त्याच्याच जीपनं आलो. त्यानं आम्हाला पुढची सीट दिली आणि तिच्यावर आणखी तिघांना बसवलं. सतरा नंबर सत्यशीलेच्या मुठीत होता. ती खिडकीबाहेर बघत हसत होती. हे मी नमूद करून ठेवतो, कारण यापुढे हसण्यासारखं फारसं काही घडलं नाही.

अल्बमच्या फॉर्मवर जिल्ह्यांची यादी छापलेली होती, आपला जिल्हा निवडून खूण करायची. यादीत हिंगोली नव्हती. ती छापली तेव्हा आमचा जिल्हा जन्मलेला नव्हता. मी आमच्या जुन्या जिल्ह्यावर, परभणीवर, खूण केली. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं: "आपल्या पाकिटावरील टपालाचा शिक्का हिंगोलीचा असून फॉर्मवर परभणी नमूद आहे. हिंगोली नावाचा जिल्हा आमच्या नोंदीत आढळत नाही. आपण नेमके कोठे राहता ते पुराव्यासह कळवावे."

आयुष्यभर अशी पत्रं लिहून मी लोकांना हैराण केलंय. मला ते वाचताना पहिल्यांदाच कळलं, की ती इतकी चांगली लिहिलेली असतात.

रहिवासाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं दाखला चटकन दिला, त्यावर मोठ्ठं 'हिंगोली' लिहिलं, आणि खाली परभणी जिल्ह्याचा शिक्का मारला.

"नवीन शिक्का यायचाय," तो म्हणाला.

"मग जिल्हा अस्तित्वात आहे असा एक वेगळा दाखला द्या."

त्यानं कपाट उघडून बराच वेळ शोधलं. मनापासून शोधलं, हे कबूल करतो. "तसा नमुनाच न्हाई साहेब. जन्माचा हाय, मरणाचा हाय. माणसाचा हाय. जिल्ह्याचा न्हाई."

मी घरी येऊन ओट्यावर बसून राहिलो. चार महिने ज्या गावात राहून मी हे पोहे गिळले ते गावच मला सिद्ध करता येत नव्हतं. मदीनाबी शेळीला पाला टाकत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि घरातून एक लग्नपत्रिका आणून माझ्या हातात ठेवली. तिच्या पुतणीची, आलियाची. खाली ठळक अक्षरांत पत्ता: जि. हिंगोली.

"ये भेजो भाऊ. पूरी बिरादरी इसी पते पे आई थी. दो जीप भरके तो वसमत से आए. जिल्हा नहीं होता, तो बिर्यानी कौन खाया?"

मी कंपनीला पत्रिका पाठवली. सोबतच्या पत्रात मदीनाबीचा मुद्दा शासकीय भाषेत मांडला, बिर्यानीला 'भोजन समारंभ' म्हटलं. पंधरा दिवसांत दोन पास आले. सत्यशीलेनं ते हळूच उलटसुलट करून पाहिले, मग हात धुऊन आली आणि पुन्हा पाहिले.

त्याच आठवड्यात निवडणुकीच्या ड्युट्या लागल्या. यादीत माझं नाव होतं. केंद्र: जिल्ह्याच्या अगदी कडेला, एका तांड्यावरची शाळा. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी पेट्या घेऊन निघायचं. नागपूरचा सामना नेमका त्या निघायच्याच दिवशी.

नावं पाठवली होती राठोडांनी. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. पास दाखवले. बायकोचं सांगितलं. कुरुंद्याचा रेडिओही सांगितला.

राठोडांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला. "एकलारे, मी त्या दिवशी तुमाला काय म्हनलं होतं?"

"बॅटला लागलाय म्हणालात."

"मग तुमी काय केलं?"

"आभाळाकडे बघितलं."

राठोडांनी चष्मा घातला आणि खिडकीतून आभाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी परत माझ्या टेबलाशी आलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. माणसाच्या चौदा धावा होत्या, आणि त्या खऱ्या होत्या.

सत्यशीला म्हणाली, "मग जाऊ द्या. न्हाई जात मी." यावेळीही मी ऐकलं नाही. मी म्हटलं, "मी मेलो तरी तू जायचं." आईनं 'मेलो' एवढंच ऐकलं आणि रडायला लागली. तिला समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी दुसऱ्या पासवर मदीनाबी जायचं ठरलं. तिला क्रिकेटातलं माझ्याइतकंही कळत नव्हतं, पण तिची बहीण नागपूरला होती. दोघी आदल्या संध्याकाळच्या बसनं गेल्या. फकीरभाई खिडकीतून डबा देत म्हणाले, "कीपर कू मेरा सलाम बोलना."

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावरच्या शाळेत मतपेटीशेजारी बसलो होतो. फळ्यावर बेचा पाढा लिहिलेला होता. आता नाणेफेक झाली असेल, आता पहिला बॉल पडला असेल, असं मी घड्याळात बघत होतो. तो सामना रेडिओवर नव्हता. असता तरी मला काय कळलं असतं? पण मला तो ऐकायचा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला क्रिकेट ऐकावंसं वाटलं, आणि समोर होता बेचा पाढा.

मतदान उरकून, पेट्या जमा करून तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मदीनाबी हातवारे करून फकीरभाईंना काहीतरी सांगत होती.

"कसं झालं?" मी विचारलं.

"चांगलं झालं."

"चांगलं म्हणजे?"

"आमची जागा लई मागं होती. लई दूर. माणसं एवढी एवढी दिसत होती. बॉल तर दिसतच न्हाई हो. कुणी मारला, कुठं गेला, काही न्हाई. लोक ओरडले की आमी बी उभं राहायचो. मी इकडच्या-तिकडच्या माणसांना इचारून इचारून मेळ घालत होते."

मला बसावंसं वाटलं म्हणून बसलो. चोवीस कार्डं, अकरा अंपायर, एक सिद्ध केलेला जिल्हा, जन्मभराचा एक वैरी, आणि माझ्या बायकोला बॉल दिसला नाही.

"मग वो किस्सा बता ना!" मदीनाबी म्हणाली. "इनको बता."

"काय?"

सत्यशीला पदराशी चाळा करू लागली. "शेवटी शेवटी आमी उठून खाली जाळीपाशी गेलो. तिथं एक जण उभा होता, फिल्डिंगला. धावफलक बिघडला होता, काही दिसत नव्हतं. त्यानं मागं वळून इचारलं, स्कोअर क्या हुआ."

"आणि?"

"मी सांगितला. एकशे एक्क्याऐंशी, सहा बाद, चाळीस षटकं दोन बॉल. म्हनलं, तेवीस धावांत तीन गेले, आता नवीन माणसाला ऑफच्या बाहेरचा बॉल टाका. तो बघतच राहिला. मग म्हनला, थँक्यू मॅडम. आनि जाऊन बॉलरच्या कानात काहीतरी सांगून आला."

"मग?"

"पुढच्याच षटकात गेला ना तो. बाहेरच्याच बॉलवर."

मी एकदम उठून उभा राहिलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं, की घशाखाली गेलेल्या प्रत्येक पोह्याचं सोनं झालं. घरात जाऊन मी कंपनीनं परत पाठवलेला अल्बम घेऊन आलो, तिच्या मांडीवर उघडून ठेवला. "कोण होता? दाखव. किती नंबर?"

सत्यशीलेनं चोवीस कार्डांवरून बोट फिरवलं. सावकाश, एकेक करून. मग अल्बम मिटला.

"ह्यात न्हाई हो तो. बारावा गडी होता. त्याचं कार्डच काढलं न्हाई त्यांनी."